आढळला नाही

बारावीच्या जीवशास्त्रात एक आकृती असते. मोठी गोल पेशी, तिच्याबाहेर काटेरी विषाणू, आत केंद्रक आणि सगळीकडे बाण. परीक्षेत हमखास येते म्हणून मुलं ती रट्टा मारून ठेवतात. अकोल्याच्या कॉलेजात मी ती इतक्या वेळा फळ्यावर काढली आहे, की मागच्या बाकावरच्यांना दरडावता दरडावता बाण आपोआप जागेवर पडतात.

त्या वर्षी बाण चुकले. मला तिसरा महिना होता, आणि फळ्यावरचा तो विषाणू माझ्याच अंगात असल्याचं मला नुकतंच कळलं होतं.

कुठून आला, हे मी सांगणार नाही. मलेरिया झालेल्या माणसाला कुणी डासाचं गाव विचारत नाही. इथं मात्र पहिला प्रश्न तोच असतो. गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत माझं कळलं, मग नवऱ्याची तपासणी झाली, त्यालाही निघाला. कुणामुळे कुणाला, यावर आम्ही एकदा कडकडून भांडलो, एकदा गळ्यात पडून रडलो, आणि मग तो विषय बंद केला. बाळाला होऊ द्यायचं नाही, एवढंच ठरवलं.

तर फळ्यापाशी उभी राहून मी सांगत होते. हा रेट्रोव्हायरस. याच्याजवळ डीएनए नसतो, आरएनए असतो. पेशीत शिरला की तो त्या आरएनएवरून उलटा डीएनए तयार करतो. तो डीएनए केंद्रकात जातो. तिथं विषाणूचंच एक विकर आपल्या डीएनएला छेद देतं आणि त्या फटीत हा तुकडा बसवून टाकतं. त्यानंतर पेशीला आपलं काय अन् त्याचं काय, हे कळत नाही. ती दुभंगते तेव्हा स्वतःबरोबर त्याचीही नक्कल काढते. काही पेशी नवे विषाणू बनवत सुटतात. काही नुसत्या झोपून राहतात, वर्षानुवर्षं, तो तुकडा पोटात घेऊन.

दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "मॅडम, मंग तो तुकडा कापून काढता नाही येत का?"

"तेवढं परीक्षेत विचारत नाहीत," मी खेकसले. एरवी असा प्रश्न आला की मी खूश होते. त्या दिवशी मला ती मुलगी अजिबात आवडली नाही.

गोळ्या लगेच सुरू झाल्या. रोज एक, आयुष्यभर. सरकारी दवाखान्यातल्या केंद्रावरच्या समुपदेशक ताईंनी नीट समजावून सांगितलं होतं. गोळी चालू असली की विषाणूला नव्या पेशीत घर करता येत नाही, रक्तातला विषाणू कमी होत जातो. तो मोजण्याइतकाही उरला नाही आणि गोळी एकही दिवस चुकली नाही, तर बाळाला होण्याची भीती फारच थोडी. हे सगळं मला आधीच ठाऊक होतं, तरी मी शाळकरी पोरीसारखी मान डोलवत ऐकलं.

सासरी कुणाला सांगितलं नाही. जुन्या शहरातलं आमचं घर म्हणजे पुढच्या खोलीत खोकला आला की मागच्या गल्लीत काढा उकळायला लागतो. म्हणून मी एक शक्कल काढली. कॅल्शियमच्या गोळ्यांची रिकामी बाटली घेतली आणि या गोळ्या तिच्यात भरल्या. त्याही पांढऱ्या, लांबट, तेवढ्याच मोठ्या. गरोदर बाईच्या पर्समध्ये कॅल्शियम असणारच, कोण विचारतो? खरं कॅल्शियम वेगळ्या बाटलीत, स्वयंपाकघरात, सगळ्यांदेखत. ते दुपारी घ्यायचं आणि हे रात्री जेवणानंतर, कारण दोन्ही एकदम पोटात गेली तर ही गोळी नीट लागू होत नाही. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

आईला मात्र सांगावं लागलं. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माझं माहेर अमरावतीला. वडील जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. आई घरीच शिवणकाम करते, मुख्य म्हणजे ब्लाउज. ती मला भेटायला अकोल्याला आली तेव्हा सांगितलं. तिनंही पहिल्यांदा विचारलं, "आला कुठून?" मग माझं तोंड पाहून पाणी आणायला उठली. जाताना म्हणाली, "मी मारुतीले रोडगे बोलली. हे तुह्यातून जाऊ दे, मी मामाच्या वावरात रोडगे करीन."

मी हसले होते. नवसाला माझा विरोध नव्हता. गोळी चालू होती, तर मारुतीही चालू राहू दे.

सातव्या महिन्यात रक्ताचा रिपोर्ट आला. विषाणू आढळला नाही. मी केंद्राबाहेरच्या बाकावर बसून आधी नवऱ्याला फोन केला, मग आईला. नवऱ्यानं तो मला दोनदा वाचून दाखवायला लावला. आई मात्र ओरडली, "गेला न? गेला न बाई?" मीसुद्धा आनंदाच्या भरात म्हणाले, "हाव आई, गेला."

सुट्टी टाकून मी अमरावतीला आले. पहिल्याच रात्री जेवण झाल्यावर बाटली काढली, तर आई बघत राहिली.

"रिपोर्ट साफ आला न? मंग काहून घेऊन राहिली?"

"रक्तात नाही दिसला, आई. आत राहतेच तो. गोळी थांबली का पुन्हा निंगते."

"आत कुठी?"

"पेशीत. डीएनएमंदी." एवढं सांगून मी झोपायला गेले. सात तास उभं राहून जे मी चार तुकड्यांना शिकवायचे, ते मी माझ्या आईला एका वाक्यात शिकवलं होतं.

मारुतीचा वार पाहून रोडग्यांचा दिवस ठरला. मामाचं वावर वरूडकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे, बांधावर छोटा मारुती. नवस कशाचा, हे कुणाला माहीत नव्हतं. लेकीचं नीट व्हावं म्हणून, एवढंच सांगितलेलं. सकाळपासून गोवऱ्या पेटवल्या होत्या. कणकेला तेलाचे पदर देऊन बायका रोडग्यांचे गोळे वळत होत्या, पुरुष ते निखाऱ्यांच्या आरात टाकून वर राख ओढत होते. वांग्याच्या भाजीचा वास संत्र्याच्या झाडांतून पार रस्त्यापर्यंत येत होता. मला बाजेवर बसवून सगळ्यांनी इतकं खाऊ घातलं की उठवेना. जेवणं आटोपली, मंडळी पांगली, तरी आई एकटीच आरापाशी बसून होती, काठीनं राख खालीवर करत. मला वाटलं, देवाशी काही बोलत असेल.

त्यानंतर आईनं गोळीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. तिला पटलं, असं मी धरून चालले.

दोन-अडीच आठवडे गेले असतील. माहेरी बाया सतत येत-जात. कुणी पाहू नये म्हणून मी बाटलीतून गोळी तळहातावर घ्यायची, ओढणीआडून तोंडात टाकायची आणि वर पाणी. सवयच ती. त्या रात्री तांब्यातलं पाणी संपलेलं होतं. शेजारची काकू समोर गप्पा मारत बसलेली, म्हणून मी गोळी तोंडात धरून तशीच उठले. माठापर्यंत पोचेतो ती जिभेवर विरघळायला लागली. खडूची चव आली.

आमच्या गोळीवर गुळगुळीत लेप असतो. ती अशी विरघळत नाही. आणि तिच्यावर अक्षरं कोरलेली असतात, जिभेला लागतात.

मी ती हातावर थुंकली. स्वयंपाकघरातली कॅल्शियमची बाटली उघडली, एक गोळी काढून शेजारी ठेवली. दोन्ही सारख्याच. मग पर्समधली सगळी बाटली ताटात उपडी केली आणि एकेक गोळी उलटी करून पाहिली. अक्षर एकीवरही नव्हतं. पोटात बाळानं लाथ मारली.

काकूला वाटेला लावेपर्यंत मी कशी थांबले, मला ठाऊक नाही. दार लावलं आणि ताट आईपुढं आपटलं. ती मशीनवर बसून हुक लावत होती. ताटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि सुई टोचून ठेवली.

"कुठं आहेत माह्या गोळ्या?"

"आरात टाकल्या."

"कधी?"

"रोडग्याच्या दिवशी." तिचा आवाज अगदी शांत होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. "नवस फिटला, पोरी. देवानं काढून नेलं. अन् तू रोज रात्री त्याले खोटं पाडून राहिली. फिटल्या नवसावर औषिद घेतलं का फिरून येते. तुह्या आजीनं मले सांगतलं व्हतं."

"बाळाला झालं म्हणजे? मारुती येईल का सांभाळाले?"

मी आणखी पुष्कळ बोलले. आईला कधी बोलू नये असं बोलले. ती ताटातल्या गोळ्या पुन्हा बाटलीत भरत राहिली, जणू घरात सांडलंय ते आवरायचं तेवढं बाकी आहे. मग बाटली माझ्यापुढं सरकवत म्हणाली, "मी त कॅल्शियमच देलं न. वाईट थोडी काही देलं."

नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "मी निघतो, माझी बाटली घेऊन येतो." मी म्हटलं, नको, मलाच यावं लागेल, रक्तही तपासावं लागेल. अमरावतीतही केंद्र आहे, पण मामेबहीण तिथल्याच दवाखान्यात कामाला आहे, आणि माझे सगळे कागद अकोल्याला. रात्रभर मी कुशीवर पडून बाळाच्या हालचाली मोजत होते. हललं की जीव यायचा, मग लगेच वाटायचं, एवढं हलतंय ते कशानं.

सकाळच्या पहिल्या बसला मी उभी राहिले तर आई मागून पिशवी घेऊन आली. "तू नोको येऊ," मी म्हटलं. ती चढली आणि माझ्या शेजारी बसली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, आम्ही एक शब्द बोललो नाही. बाहेर कपाशी फुटलेली होती. मग तिनं खिडकीकडं पाहतच हळूच विचारलं, "रक्तातून गेला व्हता, त मंग व्हता कुठी?"

पुढच्या सीटवर बाई होती, मागं दोन माणसं. मी तिच्या कानाशी वाकले. वर्गातले शब्द तोंडात आले आणि मी ते गिळले. तिच्या ब्लाउजच्या बाहीला हात लावला.

"हे अस्तर हाये न? समज, कोणी रात्री आलं, तुह्या अस्तराचा एक टाका उसवला, आपल्याजवळचं चिंधूक त्यात घातलं, अन् तुह्याच धाग्यानं पुन्हा शिवून टाकलं. वरून काहीच दिसत नाही. आता ते अस्तर पाहून तू दुसरं कापलं, त्या चिंधकासकट कापशीन. तसा शिवला हाये तो. माह्यात."

"उसवून नाही काढता येत?"

"कापडच फाटते, आई. अजून कोणाले जमलं नाही."

"अन् गोळी?"

"गोळी त्या शिवनाऱ्याचा हात धरून ठेवते. नवा टाका पडू देत नाही. जुना तसाच राहते. हात सोडला का तो पुन्हा सुरू."

ती बराच वेळ बाहीची शिवण चिमटीत धरून बसली. "अन् मी हात सोडवून देला," असं म्हणाली, आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. पुढच्या बाईनं वळून पाहिलं. मला तिची दया आली नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी ती रडते आहे याचं मला बरंच वाटलं.

केंद्रावर ताई रागावल्या नाहीत. त्यांनी आधी गोळी दिली, समोर घ्यायला लावली, मग रक्त काढलं. काही दिवसांनी रिपोर्ट आला. या वेळी विषाणू आढळला होता. थोडाथोडका नाही, हजारांत. ज्या पेशी झोपल्या होत्या त्या उठल्या होत्या, हे मी डॉक्टरांच्या आधी स्वतःला सांगितलं. आकृतीतला शेवटचा बाण तोच, पेशीतून बाहेर पडणारा. डॉक्टर म्हणाले, गोळी लवकर काम करते, हातात थोडे आठवडे आहेत, बघू.

मी अकोल्यालाच राहिले. सासूबाईंना सांगितलं, डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय. आई मात्र परत गेली नाही. शिवणाची गिऱ्हाइकं सोडून ती आमच्याकडं राहिली, सासूबाईंना काय वाटेल याची फिकीर न करता. रोज जेवण झालं की ती पाणी घेऊन यायची, गोळीवरची अक्षरं दिव्याखाली धरून पाहायची, माझ्या हातावर ठेवायची आणि मी गिळेपर्यंत उभी राहायची. तिला वाचता येतं ते मराठी; ती अक्षरं इंग्रजी. तरी ती आकार ओळखायला शिकली. मी तिच्याशी कामापुरतं बोलत होते.

दुसऱ्यांदा रक्त दिलं, आणि त्याचा रिपोर्ट यायच्या आतच कळा सुरू झाल्या. रक्तात किती आहे हे माहीत नसताना वाट बघण्यात अर्थ नाही म्हणून ऑपरेशन ठरलं. मुलगी झाली. पहिल्या तासातच तिच्या तोंडात औषधाचे थेंब गेले. दूध पाजायचं की नाही, यावर मी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारलं. गोळी चालू आहे तोवर पाजा, म्हणाले. मी पाजलं, पण सुरुवातीला दर वेळी अंग आखडायचं. ती छातीशी लागली की मला तिच्या पेशी दिसायच्या, गोल, फळ्यावरच्यासारख्या, आणि त्यांच्याकडं येणारा बाण.

दीड महिन्यानंतर तिची तपासणी. टाचेला टोचून रक्ताचे थेंब जाड कागदावरच्या गोलांत टिपून घेतात आणि वाळवून पाठवतात. नर्सनं टाच दाबली, लेक किंचाळली, आई भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मग दिवस सुरू झाले. बारसं झालं, पाळणे म्हटले गेले, घुगऱ्या वाटल्या गेल्या. बाया म्हणाल्या, पोरगी आजीवर गेली. आईचा चेहरा उतरला. तिला वाटलं, आजीमुळं पोरीला काही लागलं, असंच त्या म्हणतायत.

रिपोर्ट आला त्या दिवशी आम्ही तिघीही केंद्रावर होतो. ताईंनी कागद उघडला, हसल्या आणि वाचलं, "आढळला नाही."

मी खुर्चीतच मोकळी होऊन रडायला लागले. आई हलली नाही. तिचा चेहरा इतका ताठ होता की ताईंनाही कळेना.

"हिच्या आईचं बी असंच लिहून आलं व्हतं," ती म्हणाली. "आढळला नाही. मंग निंगाला."

ताई काही सांगायला लागल्या, पण मी त्यांना थांबवलं. हे सांगायचं काम माझं होतं. मी लेकीला आईच्या मांडीवर दिलं आणि तिच्यासमोर बसले.

"माह्या वेळेस रक्तातले सुटे विषाणू पाहिले, आई. हिच्या वेळेस पेशीच उसवून पाहिली. अस्तर. चिंधूक हाये का म्हणून शिवणीत पाहिलं. नाही."

"शिवणीत पाह्यलं?"

"हाव. अंगावरचं तोडलं का अजून एकदा पाहतीन. पण आज नाही."

आईनं लेकीची टाच हातात घेतली, टोचल्याची खूण कुठं आहे ते शोधलं. ती कधीच बुजली होती. "अन् तुह्या शिवणीतलं?" तिनं विचारलं.

"ते राहीन."

तिनं ती टाच पदरात झाकून घेतली. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. बसमधल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

संध्याकाळी मामाचा फोन आला. पोरगी चांगली आहे, तब्येत चांगली आहे, तर मग गोवऱ्या रचायच्या का, यंदा संत्रा बरा आहे, सगळ्यांना बोलावू. आई म्हणाली, "नाही बाप्पा. या खेपी नवस बोललीच नव्हती." फोन ठेवला आणि रोजच्यासारखं पाणी घेऊन माझ्यापुढं उभी राहिली.

"खरंच नव्हती बोलली?" मी विचारलं.

"बोलली त व्हती. बसमंदीच बोलली." तिनं गोळी दिव्याखाली धरली, अक्षरं पाहिली. "पण फेडनार नाही. फेडला का मानूस बिनघोर होते."

आता लेक चालते. दूध तोडल्यावरची तपासणी झाली, दीड वर्षाची शेवटचीही झाली, तिच्यात तो नाही. मामा दर उन्हाळ्यात रोडग्यांचं विचारतो आणि आई दर वेळी काहीतरी कारण सांगते. मागच्या खेपेला मीच तिला म्हटलं, आता फेडून टाक, मारुती रुसेल.

"रुसू दे," ती म्हणाली. "तुही गोळी चालू हाये तवरोक त्याचं देनं बी चालू राहू दे. तू घेतली का आज?"